पाण्याले विचारून सांगतो

ढोमणेकाका माझ्याकडे पाणी प्यायला यायचे. चहा नाही, गप्पा नाहीत, फक्त पाणी. बदली होऊन मी नाशिकहून रायपूरला आले, चौबे कॉलोनीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं घर घेतलं. सामान अजून खोक्यांतच होतं तेव्हा बेल वाजली. दारात उंच, वाळकुडे, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेले सत्तरीचे गृहस्थ उभे. "समोरचाच आहो मी. ढोमणे. एक गिलास पाणी भेटन का?"

मी पेला दिला. त्यांनी तो आधी खिडकीतल्या उजेडाकडे धरला, मग वास घेतला आणि उभ्या उभ्या घटाघटा संपवला. "आणखी एक." तोही संपवून पेला माझ्या हातात दिला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी दोनदा.

माझा स्वभाव मुळात संशयी, त्यात परगाव, त्यात नवरा नाशिकला. आठवडाभर मी गोड बोलून पाणी दिलं, मग एके दिवशी सुनावलंच. "काका, तुमच्याकडचा फिल्टर बिघडलाय का? माणूस पाठवू?" त्यावर ते शांतपणे "हव, पाठवून द्या" म्हणाले आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. मीही इरेला पेटून खरंच माणूस पाठवला. तो दहा मिनिटांत परत आला. "दीदी, मशीन तो एकदम बढ़िया चल रही है."

त्याच संध्याकाळी समोरच्या घरातून काकूंनी मला हाक मारली. पहिल्या खोलीतच खिडकीशी त्यांचा पलंग होता. गोल चेहरा, मोठं कुंकू, पायांवर सूज. काका भाजी आणायला गेले होते. काकू म्हणाल्या, "पोरी, रागावू नको त्यांच्यावर. माह्यासमोर त्यांच्या गळ्याखाली पाणी जात नाही."

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अंगात पाणी साठतं म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. पलंगाशेजारी स्टुलावर स्टीलचा लोटा होता, त्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं ओढलेली एक रेघ. सकाळी काका त्या रेघेपर्यंत पाणी भरत. दिवसभराचं तेवढंच, आणि गोळ्याही त्यातच. आणि ज्या घरात बायको घोट घोट मोजते, त्या घरात हा माणूस दोन वर्षं पाणी प्यायलाच नव्हता. माझ्याआधीचे भाडेकरू त्यांना पाणी द्यायचे. मी घराबरोबर ते कामही भाड्यानं घेतलं होतं म्हणायचं.

मला कळलं आहे हे मी काकांना कधी सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी बाजारातून एक मोठा पेला आणला.

काकांची सगळी नोकरी पाण्यात गेली. रेल्वेच्या प्रयोगशाळेत ते पाणी तपासायचे. स्टेशनांवरच्या नळांचं, डब्यांच्या टाक्यांचं, इंजिनात घालायचं. तीस वर्षं परीक्षानळीत पाणी धरून उजेडाकडे बघितल्यामुळे त्यांना माणसाकडेही तसंच बघायची सवय लागली होती. बोलताना ते मान किंचित तिरकी करत आणि तुमच्या मागच्या खिडकीकडे डोळे लावत. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे, "पाण्याले विचारून सांगतो." दिवाळीला जेवायला येता का? पाण्याले विचारून सांगतो. मुलाकडे बंगलोरला कधी जाणार? पाण्याले विचारून सांगतो. सुरुवातीला मला ही थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती. माणसं सांगतात त्यावर विसंबायचं नाही, वस्तू स्वतः काय सांगते ते बघायचं, असा त्यांचा खाक्या होता.

आमच्या इमारतीत सत्यनारायण झाला तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी सगळ्यांच्या हातावर तीर्थ घातलं. सगळ्यांनी डोळे मिटून घेतलं, काकांनी हात नाकाशी नेला. भर सभेत विचारलं, "हे पाणी कोणत्या टाकीचं?" गुरुजी लाल झाले, सेक्रेटरीबाई लाल झाल्या, काकू पलंगावर होत्या म्हणून वाचल्या. काका मात्र तडक गच्चीवर गेले. थोड्या वेळानं वरून हाक आली. टाकीत पारवा मरून पडला होता. त्यानंतर चारपाच दिवस त्यांना सणकी म्हणणाऱ्या घराघरांतून त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्या येत होत्या. काका प्रत्येक बाटली घेत आणि गंभीरपणे म्हणत, "ठेवून जा. विचारून सांगतो."

या माणसाची आणि काकूंची माशांची गोष्ट मला सांगायची आहे. ती सांगायचं मी टाळत होते, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

काकूंचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. गावाला मोठा तलाव. शाळा सुटली की पोरी तलावाच्या पाळीवर बसत, पाय पाण्यात सोडत आणि बोटभर लांबीचे मासे येऊन टाचा कोरत. "इतक्या गुदगुल्या होत का माय!" हे सांगताना काकू सुजलेले पाय एकमेकांवर घासत. आता मशीनमुळे गावी जाणं शक्य नव्हतं. एक दिवस त्या काकांना म्हणाल्या, "प्यायले नाही देत तं पाहाले तरी द्या पाणी. मासे असलेलं."

काकूंचा वाढदिवस दोन दिवसांवर होता. आयुष्यात पहिल्यांदा काकांनी पाण्याला न विचारता काम केलं. काचेचा टँक, रंगीत खडे, हवेचं यंत्र आणि सहा मासे, सगळं एकाच दिवशी आणलं. बादलीतलं शिळं पाणी ओतलं आणि मासे सोडले. काकूंनी त्या दिवशी टँकवरून नजर काढली नाही. पाचव्या दिवशी सहावा मासा मेला. नव्या कोऱ्या पाण्यात माशांची घाण पचवणारं काही नसतं, तीच त्यांना विष होते. हे काकांना नंतर कळलं. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. "माह्यापायी सहा जीव गेले," एवढंच म्हणत राहिल्या. काकांनी मासे तुळशीच्या कुंडीत पुरले आणि माझ्याकडे येऊन तीन पेले पाणी प्यायले. "तीस वर्षं पाण्यात काढले मी. अन् घरच्या पाण्याले विचारलं नाही," ते म्हणाले. "आता पाणी हो म्हणन तवाच मासा. तोवर एकही नाही."

मग त्यांनी नीट शिकायला घेतलं. बाजारात माशांचं एक जुनं दुकान होतं. तिथला दुकानदार कमी बोलणारा, पण जाणता. त्यानं सांगितलं की आधी झाडं लावा, फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर दाणा टाका, मासे नसले तरी. दाणा कुजून होणारी घाण खाणारे अदृश्य जीव पाण्यात वाढले की पाणी पिकतं. महिना, सव्वा महिना. मग मासे. हे ऐकून काका एकदम खूश. विचारण्याजोगं पाणी मिळालं होतं.

ऑफिसातून येताना मी दुकानातून माती, दगड, झाडं आणली. लांब पात्यांची, रुंद पानांची, एक दगडाला बांधायचं. काकांनी प्रयोगशाळेतला लांब चिमटा काढला आणि सर्जनसारखी एकेक काडी मातीत खोचली. सकाळी बघतो तर सगळी झाडं वर तरंगलेली. पुन्हा खोचली, पुन्हा तरंगली. तिसऱ्या दिवशी काकूंचा संयम सुटला.

"अवो, हे काय करून राहिले? धान रोवता आलं नाही कधी तुमाले! टँक इकडे सरकवा."

काकांनी आणि मी रिकामा करून टँक पलंगाला टेकवला, बोटभर पाणी ठेवलं. काकूंचा डावा हात डायलिसिसच्या सुईसाठी राखलेला, त्यावर वजन चालत नसे. त्यांनी उजवी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत टँकमध्ये घातला. काडी दोन बोटांत धरायची, अंगठ्यानं मूळ तिरकं खाली दाबायचं, बोटं काढताना माती आत लोटायची. तलावाखालच्या शेतात आईच्या मागून चालत लहानपणी शिकलेला रोवणा, भाताची लावणी. सरळ ओळी, ओळीत टीचभर अंतर. बघता बघता एका काचेत छोटंसं शेत उभं राहिलं. दगडाचं झाड त्यांनी शिवणाच्या काळ्या दोऱ्यानं बांधलं, गाठ दातांनी आवळली. पाणी भरलं, एकही काडी वर आली नाही. काकूंनी ओला हात बराच वेळ पुसला नाही. तसाच गालाला लावून बसल्या.

काका बाजूला चिमटा घेऊन उभे. "मले का माहीत इले हे येते," ते मला म्हणाले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर.

तेव्हापासून त्या घराची सकाळ ठरून गेली. सात वाजता काकू चिमूटभर दाणा पाण्यात टाकत. "न आलेल्या पाहुण्याले वाढून राहिली मी," असं म्हणत हसत. मग काका परीक्षानळीत पाणी घेत, औषधाचे थेंब घालत आणि पांढऱ्या कागदासमोर धरत. पाण्यात विष असलं तर रंग हिरवा, नसलं तर पिवळा. काकू विचारत, "हिरवं का पिवळं?" काका सांगत, "हिरवं."

दिवाळी झाली, हिरवं. डिसेंबर संपला, हिरवं. मधे रंग फिका पडे, काकू उशीवरून उठून बसत, आणि रविवार गेला की पुन्हा गडद. झाडं मात्र माजली होती. नवी पाती फुटली, ओळी दाट झाल्या. काकू दिवसभर त्या पानांत बघत पडून राहत. त्या खंगत होत्या. मशीनवरून आल्या की दुपारभर डोळे उघडत नसत. उघडले की आधी टँककडे.

आता मी माझी चूक सांगते. काका दर रविवारी फिल्टरचा स्पंज काढून एका जुन्या गंजात, म्हणजे त्यांच्याकडच्या पातेल्यात, उकळत. दहा मिनिटं, घड्याळ लावून. प्रयोगशाळेतली काचेची भांडी ते अशीच उकळत आले होते. स्वच्छ भांड्याशिवाय पाणी खरं सांगत नाही, ही त्यांची श्रद्धा. काकू चिडवत, "माह्या रगताले मशीन धुते, अन् स्पंजाले हे धुते. मी अन् स्पंज, दोघं सारखेच." एकदा मी खत आणायला दुकानात गेले तेव्हा दुकानदारानं सहज विचारलं, स्पंज धुता का? मी कौतुकानं सांगितलं, दर आठवड्याला उकळतात. त्यानं हातातलं काम थांबवलं. "दीदी, अंकल को बोलो, मत उबालें. उसी में तो सारी जान रहती है."

मी काकांना सांगितलं. पण कसं सांगितलं? दारात चप्पल घालता घालता. "काका, तो म्हणत होता स्पंज उकळू नका." काकांनी मान तिरकी केली. "अन् घाण तशीच ठेवू? बिमार माणसाच्या खोलीत?" मी हसले आणि ऑफिसला पळाले. तीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला मी काय शिकवणार, असं मला वाटलं. खरं तर मला कॅबची घाई होती.

संक्रांतीनंतर काकू फारच थकल्या. मी काकांना जिन्यात गाठलं. "काका, दोन मासे आणू या ना. दोनच. त्यांना बघू द्या."

"अन् मेले तं?"

"नाही मरणार. आता झाडं आहेत."

"तुमी पाहिलं नाही तिले त्या दोन दिवसांत," काका म्हणाले. "भिताडाकडे तोंड करून पडली होती. तशी जाऊ नाही द्यायची मले." मग नेहमीप्रमाणे माझ्या मागच्या खिडकीकडे बघत म्हणाले, "फिकं होऊन राहिलं. आणखी एक हप्ता."

त्यांचं चुकलं असं मी आज म्हणू शकत नाही. मासे पुन्हा काकूंसमोर मरू नयेत म्हणून हा माणूस पाण्याला रोज विचारत होता, आणि दर रविवारी स्वतःच त्याचं उत्तर पुसून टाकत होता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी काकूंनी सकाळी दाणा टाकला. मी त्यांना धरून खाली नेण्यासाठी आले होते, डायलिसिसचा दिवस होता. काकूंनी विचारलं, "हिरवं का पिवळं?" काका म्हणाले, "हिरवंच. पण अगदी फिकं."

"मंग आज नाही," काकू म्हणाल्या. जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "पट्टेवाले मासे आणाले सांग त्यायले. बारीक. आमच्या तलावातल्यासारखे." दुपारी मशीनवरच त्यांचं हृदय थांबलं.

मुलगा बंगलोरहून आला. अस्थी राजिमच्या संगमावर नेल्या, तेरा दिवस माणसांची ये-जा राहिली. टँक कोपऱ्यात होता. दिवा आपोआप लागे, आपोआप विझे, फिल्टर गुरगुरत राही. कुणी दाणा टाकला नाही, कुणी काचेला हात लावला नाही. मधे दोन रविवार गेले. मुलगा परत गेला, तेव्हा पुढच्या महिन्यात काकांनी कायमचं बंगलोरला यायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. मी सवयीनं मोठा पेला भरूनच दार उघडलं. काकांना पाणी नको होतं. त्यांच्या हातात परीक्षानळी होती.

"रंग पाहा बरं. माह्या डोळ्यायचा भरवसा नाही."

"पिवळा आहे काका."

ते घरात परत गेले. काकूंच्या डब्यातला दाणा चिमूटभर पाण्यात टाकला, कारण दाणा टाकल्याशिवाय परीक्षा खरी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. पिवळा. तिसऱ्या दिवशी पिवळा. तिसऱ्या दिवशी ते परत गेले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले.

"या वेळी मी वेगळं काय केलं?" त्यांनी विचारलं. प्रश्न मला नव्हता. नळी ते दोन बोटांत फिरवत होते. "दोन रविवार गेले. स्पंज उकळला नाही."

मी त्यांच्याशेजारी बसले. मला तिथून पळून जायचं होतं.

"नवे जीव येत होते अन् दर आठवड्याले मी उकळून मारत होतो. काहीच नसतं केलं, तं डिसेंबरातच पिकलं असतं पाणी. दोन महिने पाहिले असते तिनं मासे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी सांगतलं होतं मले."

"एकदाच सांगितलं, काका. पुन्हा सांगायला हवं होतं."

"नसतं ऐकलं मी," ते म्हणाले, आणि माझा हात थोपटला. मला रडू फुटलं. ते नाही रडले. नळीतलं पिवळं पाणी त्यांनी उजेडाकडे धरलं आणि बघत राहिले.

तो टँक आता माझ्या घरी आहे. महिन्यातून एकदा मी स्पंज काढते आणि टँकमधल्याच पाण्यात हलक्या हातानं पिळते. उकळत नाही. काकांचा फोन येतो तेव्हा ते तेवढंच विचारतात. पण ते जाण्याआधी एका शनिवारी आम्ही दोघं मासे आणायला गेलो होतो, ते सांगून थांबते.

दुकानदारानं दहा पट्टेवाले मासे दिले, बोटभर लांबीचे, चपळ. काकांनी पिशवी मांडीवर धरून घरापर्यंत आणली. अर्धा तास पाण्यात तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टँकचं पाणी आत घातलं. घाई नाही. मासे सुटले ते थेट काकूंनी रोवलेल्या ओळींत शिरले. पलीकडून बाहेर आले, पुन्हा शिरले. पानं हलत होती.

काका पलंगावर बसले नाहीत. पलंगावर घडी घातलेली चादर होती, शेजारी स्टुलावर रेघेचा तो लोटा तसाच. ते समोर खुर्चीवर बसले, तासभर. मार्चचं ऊन, पंखा नुसता गरम हवा फिरवत होता. त्यांचे ओठ सुकलेले दिसले म्हणून मी त्यांच्याच स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणून हातात दिलं.

त्यांनी पेला घेतला. तोंडाशी नेला. मग त्यांची नजर पलंगाकडे गेली. ते सावकाश उठले, पेला सांभाळत, दोन हातांनी धरून, दाराबाहेर गेले, दार मागे लोटून घेतलं. फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. पलीकडे तोंड करून, मान खाली घालून, आवाज न करता, ते पाणी पीत होते.